फॉरमॅट मारण्याआधी

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला मागे टाकून पाटसकडे निघाले की मध्ये वरवंड लागते. दौंड तालुक्यातले मोठे गाव. भोवती उसाची शेती, जवळ व्हिक्टोरिया तलाव, महामार्गाच्या दोन्ही अंगांना दुकाने. अशा गावात आज संगणक कुठे नाही? पतसंस्थेत आहे, दूध संकलन केंद्रात आहे, कृषी सेवा केंद्राच्या बिलांसाठी आहे, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे आहे, शाळेत आहे. आणि फोटो स्टुडिओत आहे. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या स्टुडिओवाल्याची. ऐन लग्नसराईत त्याच्या मशीनवर अनेक घरांची लग्ने साठून असतात. अल्बम अजून व्हायचे असतात, आणि कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करून पुढच्या लग्नाला वापरलेली असतात. पतसंस्थेचे हिशेब कागदावर, पासबुकात, कुठेतरी दुसऱ्यांदा सापडू शकतात. हळदीचा दिवस पुन्हा उभा करता येत नाही.

अशा मशीनवर एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ येते: बूट होण्याजोगे डिव्हाइस सापडत नाही. मशीन दुरुस्तीला जाते आणि तिथे ठरलेले वाक्य ऐकू येते, “विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल.” यातला पहिला भाग पुष्कळदा खरा असतो. दुसरा भाग ऐकल्यावर मात्र मशीन तिथेच बंद करून ठेवायला सांगावे. विंडोज सुरू होणे आणि फाइल डिस्कवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थांबली म्हणून दुसरी संपत नाही. ती संपते बहुधा नंतर, घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत.

बटण दाबल्यावर आत काय घडते ते पाहिले की हे पटते. सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि डिस्ककडे वळतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये पुढचा प्रोग्राम कुठून उचलायचा याच्या सूचना, नंतरच्या ६४ बाइटमध्ये डिस्कचे जास्तीत जास्त चार मुख्य भाग कुठे सुरू होतात आणि केवढे आहेत याचा तक्ता, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण. ही दोन बाइटची खूण बिघडली तरी ५०० जीबीची धडधाकट डिस्क समोर असताना मशीन म्हणते, बूट होण्याजोगे काही नाही. नव्या मशीनमध्ये या कामासाठी डिस्कवर साधारण १०० एमबीचा वेगळा लपलेला भाग असतो. पुढे बूट मॅनेजर, मग विंडोजचा गाभा, मग ड्रायव्हर, मग आपला डेस्कटॉप. या सगळ्या प्रवासात तुमच्या एकाही फोटोची गरज पडत नाही. म्हणूनच साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी फोटो जिथे होते तिथेच असतात.

शिवाय कडी तुटते ती नेहमी डिस्कवरच असे नाही. रस्त्याकडेच्या दुकानात धूळ फार. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, मशीन नुसते बीप देते आणि पडदा काळाच राहतो. दुरुस्ती करणारे रॅम काढतात, खोडरबराने पट्ट्या घासतात, पुन्हा बसवतात आणि मशीन उठते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख-वेळ मागे जाते आणि त्याबरोबर डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे हे सेटिंगही मूळपदावर येऊ शकते. मग कालपर्यंत चालणारी विंडोज आज निळा पडदा दाखवते. नवा सेल आणि एक सेटिंग, एवढेच काम. पॉवर सप्लाय थकला असेल तर डिस्कला पुरेसा वीजपुरवठाच होत नाही. यांपैकी एकाही दुखण्यावर फॉरमॅट हा उपाय नाही.

विजेचा विषय गावाकडे टाळताच येत नाही. काही लिहायला सांगितले की विंडोज ते लगेच डिस्कवर उतरवतेच असे नाही. थोडा वेळ मेमरीत धरून ठेवते आणि मग एकदम लिहिते. त्या मधल्या क्षणी लाइट गेली तर अर्धे लिहिलेले, अर्धे राहिलेले. विंडोजचे अपडेट चालू असताना असे झाले तर विंडोज उडते, आणि फाइलींची यादी लिहिताना झाले तर यादीत गोंधळ होतो. लाइट परत येताना व्होल्टेज उसळते ते वेगळेच. यूपीएस असूनही बॅटरी मेलेली आणि तो नुसता एक्स्टेंशन बोर्ड म्हणून वापरात, हे दृश्य फार ठिकाणी दिसते. त्या बॅटरीची किंमत आतल्या डेटाच्या मानाने काहीच नसते.

मशीन सुरू न होऊ देण्याचा उद्योग कधीकाळी मुद्दामही केला जाई. इंटरनेट घरोघर येण्याआधी व्हायरस फ्लॉपीवरून पसरत आणि त्यांतले पुष्कळसे डिस्कचा हाच पहिला सेक्टर पकडून बसत. १९९० मध्ये भारतात असा एक सापडला. त्याचे नाव जोशी. ५ जानेवारीला मशीन अडकून बसे आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा म्हणे. तेवढे टाइप केले की पुढे सरके. हा त्यातल्या त्यात सौम्य. १९९१ मध्ये आढळलेला मायकेलअँजेलो ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीचे सेक्टर पुसून टाकी, आणि त्या काळच्या डॉस डिस्कवर फाइलींची यादी नेमकी सुरुवातीलाच असे.

पुण्यातल्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची मुळे याच काळातली. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करत करत संगणक दुरुस्तीत आले आणि १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसने बिघडलेली मशीन पुष्कळ. धाकटे भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहायला घेतले. पुढे त्याची मोठी कंपनी झाली ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने पुसून नवे टाकण्याचा सोपा मार्ग न धरता, आतले काम वाचवून रोग तेवढा काढायचा, असा प्रश्न स्वतःपुढे ठेवला. ही वृत्ती असलेला दुरुस्तीवाला तालुक्यात एक जरी असला तरी फार लोकांचे भले होते.

आता यादीकडे येऊ, कारण फाइल परत मिळण्याची सगळी युक्ती तिच्यात आहे. गावच्या दप्तरातला सातबारा डोळ्यांपुढे आणा. कोणता गट, किती क्षेत्र, कोणाच्या नावावर, हे तिथे लिहिलेले असते. दप्तर पावसात भिजले म्हणून शेत वाहून जात नाही; ऊस उभाच असतो, फक्त तो कोणाचा हे सांगणारा कागद नसतो. विंडोजच्या डिस्कवर असे दप्तर असते, त्याचे नाव एमएफटी. प्रत्येक फाइलची त्यात साधारण एक केबीची नोंद असते: नाव, तारीख, आकार, आणि डिस्कवर कोणकोणत्या तुकड्यांत ती पसरली आहे ते. फाइल डिलीट केली की नोंदीवर “मोकळे” अशी खूण होते, मजकूर तिथेच राहतो. क्विक फॉरमॅटमध्ये दप्तर नव्याने सुरू होते, तरी जुन्या नोंदी आणि जुनी शेते बरीचशी शाबूत असतात. धोका पुढच्या पेरणीत आहे. मोकळ्या म्हणून नोंदलेल्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की आधीचे कायमचे गेले. विंडोज पुन्हा टाकणे म्हणजे काही जीबी नवे लिहिणे. ते जुन्या कोणत्या फोटोंवर पडेल हे कोणी सांगू शकत नाही.

इथे एक फरक दुकानदारालाही माहीत नसतो. विंडोज एक्सपीच्या काळात साधा पूर्ण फॉरमॅट केला तरी मागचा मजकूर पुष्कळसा उरत असे. व्हिस्टापासून पुढे क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर विंडोज सगळ्या भागावर शून्ये लिहिते. त्यानंतर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर काही परत देत नाही. उलट, फॉरमॅट न करता त्याच भागावर विंडोज टाकली, तर जुने सगळे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवले जाते आणि तिथल्या युजर्स फोल्डरमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स जसेच्या तसे सापडतात. “नवीन विंडोज टाकली, सगळे गेले” म्हणून आलेल्या मशीनमध्ये पहिल्यांदा हाच फोल्डर पाहावा. डिस्क क्लीनअप मात्र चालवू नये, त्यात हा फोल्डर पुसला जाऊ शकतो.

मग करायचे काय? डिस्क ठणठणीत असेल तर काम खरोखर सोपे आहे. सीपीयूच्या डब्यातून डिस्क काढायची आणि सॅटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या चालू मशीनला जोडायची. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला यूएसबीची वीज पुरते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा ॲडाप्टर लागतो. जोडल्यावर विंडोज कधी विचारते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? कॅन्सल दाबा. कधी म्हणते, स्कॅन करून दुरुस्त करू का? तेही नको. विंडोजची ती दुरुस्ती यादी जुळवण्यासाठी असते, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नव्हे, आणि यादी जुळावी म्हणून ती अर्धवट नोंदी कापून टाकू शकते. एखाद्या फोल्डरवर “परवानगी नाही” आले तर घाबरू नये. फोल्डर दुसऱ्या मशीनच्या युजरच्या मालकीचा आहे एवढाच त्याचा अर्थ. चालू मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्याला तो उघडता येतो.

डिस्क काढणे जमत नसेल तर दुसरी वाट आहे. उबुंटू किंवा मिंटसारखी लिनक्स पेनड्राइव्हवर तयार करून मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचे. विचारणा झाली की इन्स्टॉल न निवडता ‘ट्राय’ निवडायचे. आतली विंडोज झोपलेली राहते, डिस्क फोल्डरसारखी उघडते, फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या. २०१२ च्या विंडोज ८ पासून मशीन बंद करताना विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. अशी डिस्क लिनक्स फक्त वाचण्यापुरती उघडते. आपल्याला वाचायचेच आहे, तेव्हा ते उत्तमच.

कॉपी करताना सी ड्राइव्ह आधी. आपल्याकडे मशीन देतानाच डी ड्राइव्ह पाडून देतात आणि “महत्त्वाचे सगळे डी मध्ये ठेवा” सांगतात. लोक ठेवतात मात्र डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप सी मध्ये असतो. “डी ला हात लावला नाही” असे सांगून केलेल्या फॉरमॅटमध्ये जे जाते ते हेच. डाउनलोड्स पाहावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बऱ्याचदा सी च्या मुळाशी वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो विसरू नये.

आता अवघड रोगी. डिस्क ठराविक अंतराने टक-टक करत असेल, फोल्डर उघडायला मिनिटे लावत असेल, कॉपी मध्येच अडकत असेल, तर बिघाड यंत्रात आहे. हार्ड डिस्कच्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. मोठ्या डिस्कच्या कडेला हा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. त्यावरून वाचणारे हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड. डिस्क पडली, धक्का बसला, हेड टेकले, की चकतीवरचा थर खरवडला जातो आणि ती भुकटी आणखी नुकसान करत फिरते. अशी डिस्क सुरू ठेवलेले प्रत्येक मिनिट महाग आहे. पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहणे तर सर्वांत वाईट.

डिस्क अजून ओळखली जात असेल, तर फाइली निवडत बसण्याऐवजी आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढावी. अंतोनिओ डियास डियास यांचे डीडीरेस्क्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. साधी कॉपी पहिल्या बॅड सेक्टरला अडून बसते. हे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येईल तेवढे पटकन उचलून घेते, अडलेली जागा सोडून पुढे जाते, आणि शेवटी त्या कठीण जागांकडे परत वळते. काय वाचले, काय राहिले याची नोंद ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. मध्येच लाइट गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवले तरी पुन्हा तिथूनच सुरुवात होते. दौंडकडचा एप्रिल-मे चाळीस अंशांचा. पंखा डिस्ककडे वळवून काम करावे. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे, मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची.

दोन घरगुती उपायांबद्दल स्पष्ट सांगतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर पाण्याचे बाष्प धरते आणि चकती-हेडच्या त्या फटीत थेंबाला जागा नाही. डिस्कचे झाकण उघडू नका. उघड्या खोलीतल्या धुळीचा कण त्या फटीच्या मानाने डोंगर आहे. हेड बदलण्याचे काम धूळमुक्त खोलीत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड वापरून करतात. डिस्कखालचे हिरवे सर्किट दुसऱ्या तशाच डिस्कचे लावून पाहण्याची पद्धत पूर्वी चाले. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मापे त्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती चिप हलवल्याशिवाय नुसते सर्किट बदलून भागत नाही. टक-टक करणारी डिस्क गावात उघडून घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यावी. खर्च मोठा असतो, आधी अंदाज विचारावा, आणि तेवढे मोल त्या डेटाचे आहे का हे घरात बसून ठरवावे.

यादीच नाहीशी झाली असेल तर? फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांची दोन मोफत सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडतात. टेस्टडिस्क हरवलेले भाग आणि त्यांचा तक्ता शोधते. फोटोरेक यादीकडे बघतच नाही. ते डिस्कचा सेक्टर न् सेक्टर वाचत फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा हुडकते. जेपीईजी फोटो नेहमी त्याच ठराविक बाइटने सुरू होतो, पीडीएफचीही खूण ठरलेली. त्यामुळे फोटो मिळतात, पण नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या क्रमांकांनी येतात आणि कोणत्या लग्नाचा कोणता हे फोटोत लपलेल्या तारखेवरून लावावे लागते. व्हिडिओ मोठे आणि तुकड्यांत विखुरलेले असल्याने अर्धवट येण्याचा संभव जास्त. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही ठेवायच्या नाहीत. हेच सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या कार्डावरही चालते, म्हणून चुकून रिकामे झालेले कार्ड तत्काळ कॅमेऱ्यातून काढून ठेवावे आणि पुढचे फोटो दुसऱ्या कार्डावर घ्यावेत.

एसएसडीने हे चित्र बदलले आहे, आणि तेही आशेच्या विरुद्ध दिशेने. एसएसडीवर फाइल डिलीट झाली की विंडोज तिला ट्रिम नावाचा संदेश देते: ही जागा आता नको. मग एसएसडी आपल्या सवडीने ती जागा आतून पुसते. तिथे क्विक फॉरमॅटनंतरसुद्धा बहुधा काही उरत नाही. नुसती विंडोज उडाली असेल तर मात्र एसएसडीवरच्या फाइलीही सुरक्षित असतात; म्हणजे फॉरमॅटआधी थांबण्याचे महत्त्व इथे दुप्पट. दुसरी भिंत बिटलॉकरची. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मालकाला कळतही नाही आणि डिस्क कुलूपबंद होते. काढून दुसऱ्या मशीनला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, आणि ते खाते अनेकदा दुकानदाराने त्याच्याच फोनवरून काढून दिलेले असते. लॅपटॉप चालू आहे तोवर हे खाते कोणाचे ते विचारून घ्या आणि की कागदावर उतरवून ठेवा. तिच्यावाचून आत जायला मार्ग नाही.

जुन्या डिस्क काढायला बसले की मराठीचा म्हणून एक वेगळा प्रश्न समोर येतो. गावोगावच्या डीटीपी दुकानांत लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिले, शाळेच्या स्मरणिका वर्षानुवर्षे पेजमेकरमध्ये झाल्या. त्यांतली अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची, आकृतीची किंवा सी-डॅकच्या आयएसएमची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह ती आली, तरी छपाईचे काम पुढेही बराच काळ जुन्याच फॉन्टांवर चालू राहिले. या फाइलींत मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेले नसते. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची जागा वापरून फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर उत्तम वाचवलेली फाइलही नुसत्या चिन्हांची रास दिसते, आणि माणूस ती खराब झाली समजून पुसतो. कोणते अक्षर कुठल्या जागी हे प्रत्येक फॉन्टचे निराळे, त्यामुळे युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरलाही आधी फॉन्टचे नाव सांगावे लागते.

म्हणून जुन्या डीटीपी मशीनच्या डिस्कवरून काम वाचवताना विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डर सगळाच्या सगळा उचलावा. सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि मशीनला लावायचे डोंगल कपाटात असेल तर तेही जपावे. फॉन्ट असेल तर निदान पीडीएफ करून मजकूर वाचनीय ठेवता येतो. गावाच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव, देवस्थानचा जुना ताळेबंद, कोणा शिक्षकाने जमवलेला गावचा इतिहास, असा कितीतरी मजकूर छापील प्रतीही न उरता अशाच डिस्कांवर आहे.

सगळे कॉपी झाले म्हणून काम संपत नाही. दोन्हीकडची एकूण फाइलसंख्या आणि आकार जुळवून पाहावा. मग प्रत्येक फोल्डरमधले दोन-चार फोटो, एक-दोन एक्सेल, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून पाहावा. वाचताना चूक झालेल्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा निघतो आणि नुसत्या छोट्या चित्रात ते कळत नाही. मालकाला समोर बसवून त्यालाच विचारावे, काय राहिले? त्याला आठवेल असे एखादे फोल्डर नेहमीच असते. ते मिळेपर्यंत जुनी डिस्क चिठ्ठी लावून ठेवावी, आणि नवी विंडोज दुसऱ्या डिस्कवर टाकावी.